सचिन, सेरेव्ही आणि सात जणांचा देश

सचिन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहतो. पण सुरतहून मुंबईच्या दिशेने निघालेल्या लोकल गाडीत बसलेल्या माणसाला सचिन म्हणजे स्टेशन. सुरत, उधना, भेस्तान, सचिन, मरोली, नवसारी. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत हे नाव वाचून नवखा प्रवासी हसतो, नेहमीचा प्रवासी डुलकी काढतो. आज तिथे औद्योगिक वसाहत आहे, यंत्रमाग आहेत, रंगाईचे कारखाने आहेत. पण या नावाला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचं एक टोक आपल्या कोकणात आहे तर दुसरं, थोडं वळसे घेत का होईना, थेट पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर जाऊन पोचतं. या लेखात त्या दुसऱ्या टोकाच्या एका खेळाडूची गोष्ट सांगायची आहे. पण तिथपर्यंत जायला सचिनचा रस्ता बरा.

सचिन हे एक संस्थान होतं. छोटंसं, जेमतेम पन्नास चौरस मैलांचं. त्याचे नवाब होते सिद्दी, म्हणजे मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्द्यांचे भाऊबंद. जंजिऱ्याच्या गादीवरून घरात भांडण झालं. गादीवर हक्क सांगणारा अब्दुल करीम उर्फ बाळूमियाँ पेशव्यांच्या आश्रयाला आला. मराठ्यांना जंजिरा कधी घेता आला नव्हता, तेव्हा निदान कागदावर तरी तो मिळावा असा पुण्याचा हिशेब. बाळूमियाँने जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना लिहून द्यावा आणि बदल्यात सुरतेजवळची गावं घ्यावीत, असा तह झाला. साल १७९१. पेशव्यांना जंजिरा मिळाला नाही तो नाहीच, पण बाळूमियाँच्या वंशजांनी सचिनवर १९४८ पर्यंत राज्य केलं.

आता गंमत बघा. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, पुष्कळसे गुलाम म्हणून, या देशात आले, ते कोकणात आरमाराचे धनी झाले आणि गुजरातेत नवाब. समुद्र ओलांडून आलेला माणूस कायमचा परका राहतोच असं नाही, हे सांगायला सचिनएवढा सोपा दाखला दुसरा नसेल.

याच पट्ट्यातून, म्हणजे सुरत, नवसारी, बारडोलीच्या गावांमधून, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माणसं उलट दिशेने समुद्र ओलांडू लागली. कुणी दक्षिण आफ्रिकेला गेलं, कुणी न्यूझीलंडला, कुणी फिजीला. शिंपी, सोनार, चांभार, धोबी, न्हावी, छोटे दुकानदार. स्वतःच्या खिशातून तिकीट काढून, आधी गेलेल्या काकाच्या किंवा मेहुण्याच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून. आमच्या गोव्यातले तारवटी जसे एकाच्या मागे एक, एका कुडाला धरून मुंबईला आणि तिथून बोटीवर जात, अगदी तसेच. आज सुवा, बा, लौतोका या गावांतल्या बाजारपेठेत गुजराती पाट्या दिसतात त्या या लोकांच्या.

पण फिजीतले बहुसंख्य हिंदी लोक असे तिकीट काढून गेलेले नव्हेत. ते गिरमिटिये. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचं भोजपुरी-अवधी तोंडात झालेलं रूप म्हणजे गिरमिट. पाच वर्षांचा करार, अंगठा उठवायचा आणि कलकत्त्याला बोटीत चढायचं. ‘लिओनिदास’ नावाचं पहिलं जहाज साडेचारशेच्या वर माणसं घेऊन फिजीला लागलं ती तारीख १४ मे १८७९. पुढच्या सदतीस वर्षांत साठ हजारांहून जास्त माणसं उसाच्या मळ्यांवर गेली. आधी उत्तर प्रदेश-बिहारकडची, १९०३ पासून मद्रासेकडचीही. त्यांचे हाल वाचवत नाहीत. हा व्यवहार बंद व्हावा म्हणून मध्यवर्ती कायदे मंडळात १९१२ साली ठराव मांडणारा माणूस आपल्या कोकणातला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. नामदार गोपाळ कृष्ण गोखले. सरकारी सभासदांच्या बहुमताने ठराव पडला. गोखले १९१५ साली गेले. पुढच्याच वर्षी मदनमोहन मालवीयांनी तोच ठराव पुन्हा मांडला आणि सरकारला तत्त्वतः तो मान्य करावा लागला. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतली उरलीसुरली गिरमिटं रद्द झाली. गोखल्यांचं नाव आपण शाळेत शिकतो, पण कोतळूकच्या माणसाचे शब्द फिजीच्या उसाच्या मळ्यापर्यंत पोचले होते हे आपल्याला कुणी शिकवत नाही.

मुळात हिंदी मजूर फिजीत आणायची वेळ का आली? १८७४ च्या १० ऑक्टोबरला फिजीच्या सरदारांनी आपली बेटं इंग्लंडच्या राणीच्या हवाली केली. पुढच्याच वर्षी गोवराची साथ आली आणि सुमारे चाळीस हजार माणसं गेली. अशा वेळी सर आर्थर गॉर्डन नावाचा गव्हर्नर तिथे आला. त्याने दोन गोष्टी ठरवल्या. फिजीच्या मूळ लोकांची जमीन विकता येणार नाही, आणि त्यांना गोऱ्यांच्या मळ्यांवर राबवायचं नाही. न्यूझीलंडमध्ये माओरींचं काय झालं ते सगळ्यांसमोर होतं, त्यामुळे हा निर्णय वाईट म्हणता येत नाही. पण मळे तर चालायला हवेत. गॉर्डन आधी त्रिनिदाद आणि मॉरिशसला होता, तिथे त्याने हिंदी मजूर पाहिले होते. म्हणजे एकाला वाचवायला दुसऱ्याला आणलं. फिजीच्या पुढच्या सगळ्या भांडणाचं बी या एका निर्णयात आहे.

आजही फिजीतली जवळजवळ ८७ टक्के जमीन मूळ लोकांच्या कुळांच्या सामाईक मालकीची आहे. ती विकत घेता येत नाही, फक्त भाडेपट्ट्याने मिळते. गोव्यातल्या वाचकाला हे चटकन कळेल. आपली कोमुनिदाद आणि आपला कूळ-मुंडकाराचा प्रश्न एकत्र करा, त्यात दोन वेगवेगळे वंश, दोन धर्म, दोन भाषा घाला, आणि मग जमिनीचा मालक कोण आणि घाम कुणाचा हे विचारा. फिजी भाषेत यासाठी दोन शब्द आहेत. ‘तौकेई’ म्हणजे भूमीचा धनी. ‘वुलांगी’ म्हणजे पाहुणा. पाहुण्याचा मान राखायचा, त्याला जेवू घालायचं, पण त्याने आपण पाहुणे आहोत हे विसरायचं नाही.

ही वाटणी खेळातही उतरली. फिजीचे मूळ लोक रग्बी खेळत. हिंदी लोक फुटबॉल खेळत. १९३८ साली तिथे फुटबॉलची मध्यवर्ती संघटना झाली तिच्या नावातच ‘इंडियन’ होतं, तो शब्द पुढे साठच्या दशकात गळाला. एकाच गावात दोन मैदानं, दोन चेंडू. एक गोल, एक लांबट. आमच्या गोव्यात चेंडू सगळ्यांचा एकच होता, गोल. पाऊस सरला की कापणी झालेल्या शेतात हिंदू-ख्रिस्ती पोरं एकत्र लाथा झाडत. फिजीत ते झालं नाही.

आता रग्बीकडे येऊ. आपल्याकडे हा खेळ फार कुणाला माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. मूळ रग्बी पंधरा जणांचं, धक्काबुक्कीचं, ऐंशी मिनिटांचं. १८८३ साली स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावात क्लबची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा नेड हेग नावाच्या एका खाटकाने सुचवलं की सात-सात जणांचे छोटे सामने एकाच दिवशी घेऊ, तिकिटं लावू. त्यातून ‘सेव्हन्स’ जन्माला आलं. मैदान तेवढंच मोठं, पण माणसं निम्म्याहून कमी. सात मिनिटांचा एक डाव, असे दोन डाव. चेंडू पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. पलीकडच्या रेषेपार जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, त्याचे पाच गुण. मग चेंडू जमिनीवर आपटून उसळताच लाथेने दांड्यांमधून मारला तर आणखी दोन.

आपल्या कबड्डीतही सातच. आणि दोन्हींचं मर्म एकच, मोकळी जागा आणि हूल. इथे ताकद लागते, पण ताकदीने भागत नाही. समोरच्याला डावीकडे झुकवायचं आणि उजवीकडून निघून जायचं. फिजीच्या खेड्यांत ही विद्या पोरांना शिकवावी लागत नाही. चेंडू नसेल तर प्लास्टिकची बाटली, नाहीतर जुन्या चपला गुंडाळून केलेली गुंडाळी. समुद्राची वाळू. पंचवीस पोरं आणि एक बाटली. नियम शिकायच्या आधी हूल शिकतात.

या पोरांतून एक आला वायसाले सेरेव्ही. जन्म २० मे १९६८. घराणं ङाऊ नावाच्या छोट्या बेटावरचं. उंची साडेपाच फुटांच्या थोडी वर, म्हणजे रग्बीच्या हिशेबात बुटकाच. १९८९ च्या नोव्हेंबरात कराचीत आपला सोळा वर्षांचा सचिन कसोटी खेळायला उतरला, त्याच वर्षी तिकडे सेरेव्ही फिजीच्या राष्ट्रीय संघात आला. दोघेही बुटके, दोघेही पोरसवदा, आणि दोघांनाही पुढची पंधरा-वीस वर्षं देशाच्या अपेक्षांचं गाठोडं पाठीवर घेऊन धावायचं होतं. सचिनच्या पाठीवर शंभर कोटी माणसं. सेरेव्हीच्या पाठीवर जेमतेम सात-आठ लाख. ओझं मात्र कमी नव्हतं. कारण भारताला मिरवायला आणखीही पुष्कळ काही होतं. फिजीकडे साखर, समुद्रकिनारे आणि सेव्हन्स, एवढंच.

सेव्हन्सची खरी पंढरी म्हणजे हाँगकाँग. १९७६ पासून तिथे दरवर्षी स्पर्धा भरते. फिजीने ती १९७७ पासूनच जिंकायला सुरुवात केली होती. सेरेव्ही आल्यावर १९९०, ९१ आणि ९२ अशी सलग तीन वर्षं करंडक सुव्याला गेला. त्याचा खेळ बघताना पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे हा माणूस घाईत नाही. चेंडू हातात घेऊन तो जवळजवळ उभाच राहतो. समोरचे दोघे बिचकतात, आता पळणार की देणार? तो एकाकडे बघतो आणि न बघता दुसऱ्याकडे चेंडू देतो. पाठीमागून, एका हाताने, कधी डोक्यावरून. मग अचानक दहा पावलं अशी टाकतो की समोरचा गडी गुडघ्यावर. आपल्याकडचा जुना खो-खो खेळाडू खांबाजवळ कशी हुलकावणी देई ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना सेरेव्ही समजावून सांगावा लागणार नाही. सामन्याला उतरताना त्याच्या मनगटपट्टीवर बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातल्या वचनाचा क्रमांक लिहिलेला असे, चौथा अध्याय, तेरावं वचन.

पण सेरेव्ही राष्ट्रीय संघात आला तेव्हाची फिजी ही दुभंगलेली फिजी होती. १९८६ च्या खानेसुमारीत हिंदी वंशाचे लोक ४८.७ टक्के होते, मूळ फिजीयन ४६. एप्रिल १९८७ च्या निवडणुकीत हिंदी मतदारांच्या मोठ्या पाठिंब्यावर नवं सरकार आलं. पंतप्रधान स्वतः मूळ फिजीयन होते, डॉ. तिमोदी बावद्रा. तरीही महिन्याभरात लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुकाने संसदेत सैनिक घुसवून सरकार उलथलं. तारीख होती १४ मे. ‘लिओनिदास’ किनाऱ्याला लागल्याला त्या दिवशी १०८ वर्षं होत होती. सप्टेंबरात त्याने दुसरा उठाव केला, देश प्रजासत्ताक जाहीर केला, आणि फिजी राष्ट्रकुलातून बाहेर पडला. हा राबुका, सांगायला हवं, फिजीच्या राष्ट्रीय संघातून रग्बी खेळलेला गडी. म्हणजे रग्बी हा नुसता खेळ राहिला नव्हता. तो ‘आमचा’ खेळ झाला होता, आणि ‘आमचा’ या शब्दात कोण बसतं आणि कोण नाही हे बंदुकीने ठरवलं गेलं होतं.

१९९० च्या राज्यघटनेने पंतप्रधानपद मूळ फिजीयनांसाठी राखून ठेवलं. हजारो हिंदी कुटुंबांनी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाची वाट धरली. डॉक्टर गेले, मास्तर गेले, हिशेबनीस गेले. नवसारीकडच्या गुजराती दुकानदारांपैकीही कितीकांनी मुलं आधी पाठवली, मग स्वतः गेले. ज्यांच्या आजोबांनी एकदा समुद्र ओलांडला होता, त्यांना नातवंडांसह दुसऱ्यांदा ओलांडावा लागला.

सेव्हन्सचा पहिला विश्वचषक १९९३ साली एडिंबरोला झाला. उपांत्य सामन्यात इंग्लंडने फिजीला हरवलं. दुसरा विश्वचषक मार्च १९९७ मध्ये, हाँगकाँगला. चीनकडे जाण्याआधीचे हाँगकाँगचे ते अखेरचे महिने. कप्तान सेरेव्ही. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिका. फिजीने तो २४-२१ असा जिंकला. मारिका वुनीबाका वाऱ्यासारखा धावला, पण त्याला मोकळी जागा मिळवून देणारा हात सेरेव्हीचा. विश्वचषकांच्या इतिहासात सर्वाधिक गुण ज्याच्या नावावर लागले तो खेळाडूही हाच.

त्याच वर्षी जुलैत फिजीच्या संसदेने नवी राज्यघटना मंजूर केली. ती घडवणारे दोघे होते, उठाव करणारा तोच राबुका, आता पंतप्रधान झालेला, आणि हिंदी समाजाचे नेते जयराम रेड्डी. वांशिक अट निघाली. ऑक्टोबरात फिजी पुन्हा राष्ट्रकुलात आला. आणि म्हणूनच १९९८ च्या क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, जिथे सेव्हन्स पहिल्यांदा खेळवलं गेलं, फिजीचा संघ उतरू शकला. अंतिम सामन्यात न्यूझीलंडकडून हार आणि रौप्यपदक. चार वर्षांनी मँचेस्टरला पुन्हा तेच. खेळाडूच्या कारकिर्दीचे आकडे आपण वाचतो, पण त्या आकड्यांमागे कुठल्यातरी संसदेत झालेलं मतदान असतं हे विसरतो. जयराम रेड्डींचा राष्ट्रकुलात परतण्याच्या वाटेत जेवढा हात, तेवढा त्या रौप्यपदकातही, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

या घटनेनुसार १९९९ साली महेंद्र चौधरी हे पहिले हिंदी वंशाचे पंतप्रधान झाले. बरोबर एका वर्षाने, १९ मे २००० रोजी, जॉर्ज स्पाइट नावाच्या माणसाने बंदूकधारी घेऊन त्यांना संसदेतच ओलीस ठेवलं. छप्पन्न दिवस. त्याआधीच, १९९७ पासून, उसाच्या जमिनींचे तीस वर्षांचे पट्टे एकामागून एक संपू लागले होते. तीन पिढ्या कसलेली जमीन सोडून कुटुंबं रस्त्यावर आली. मूळ मालकांची बाजूही समजून घ्यायला हवी, जमीन त्यांचीच होती आणि पट्ट्याचं भाडं फारच कमी होतं. पण कूळ म्हणून आयुष्य काढलेल्याला हा हिशेब कसा पटावा? आपल्याकडे कुळांना आणि मुंडकारांना कायद्याने आधार दिला. फिजीत तसा कायदा करता येणं शक्यच नव्हतं, कारण जमिनीवरच तर त्या समाजाचा सगळा आत्मविश्वास उभा होता.

अशा पडझडीच्या काळात सेरेव्ही खेळत राहिला. मधल्या काळात पोटासाठी जपान, इंग्लंडमधला लेस्टर, फ्रान्स अशी त्याची भटकंती झाली. पंधरा जणांच्या रग्बीतही तो तीन विश्वचषक खेळला, १९९१, १९९९ आणि २००३. पण तिथल्या धक्काबुक्कीत तो रमला नाही. त्याचं अंगण सेव्हन्सच. २००५ च्या मार्चमध्ये पुन्हा हाँगकाँग, पुन्हा विश्वचषक, पुन्हा तोच कप्तान, वय सदतिशीला टेकलेलं. अंतिम सामन्यात न्यूझीलंडला २९-१९ ने हरवून फिजी दुसऱ्यांदा विश्वविजेता झाला. पुढच्या हंगामात त्याने खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दोन्ही कामं केली, आणि न्यूझीलंडने सलग सहा वर्षं स्वतःकडे ठेवलेली जागतिक मालिका फिजीने पहिल्यांदा जिंकली. साल २००६. त्याच वर्षी ५ डिसेंबरला फिजीत आणखी एक उठाव झाला.

पुढे प्रशिक्षकाची खुर्ची आली आणि गेली. सेरेव्ही अमेरिकेत सिएटलला गेला आणि तिथल्या पोरांना रग्बी शिकवू लागला. म्हणजे भूमीचा धनी असलेला तौकेईदेखील शेवटी समुद्र ओलांडून पोटासाठी परक्या गावी गेला, पाहुणा झाला. यात त्याची टिंगल नाही. लहान देशातल्या माणसाच्या नशिबी हे येतंच, मग तो कुठल्याही वंशाचा असो. गोवेकराला हे सांगायला नको. २०१३ साली त्याला आंतरराष्ट्रीय रग्बीच्या मानकऱ्यांच्या यादीत स्थान मिळालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या सचिनने वानखेडेवर बॅट खाली ठेवली.

२०१० ची राष्ट्रकुल स्पर्धा आपल्या दिल्लीत झाली. सेव्हन्सचे सामने दिल्ली विद्यापीठाच्या मैदानावर झाले. त्यात फिजी नव्हता. २००६ च्या उठावानंतर निवडणुका घेतल्या नाहीत म्हणून २००९ साली राष्ट्रकुलाने त्याला निलंबित केलं होतं. ज्या देशात सेव्हन्स हा श्वास आहे आणि ज्या देशात तेव्हाही तीनांतला एक माणूस हिंदी वंशाचा, तो देश हिंदुस्थानात भरलेल्या सेव्हन्सला येऊ शकला नाही. गिरमिटियांच्या पणतवंडांनी आपल्या देशाचा पांढऱ्या सदऱ्यांचा संघ पूर्वजांच्या भूमीवर बघितला असता, ती संधी अशी गेली.

त्याच २०१० मध्ये मात्र फिजीत एक छोटा बदल झाला, कागदावरचा. तोवर ‘फिजीयन’ हा शब्द कायद्याने फक्त मूळ लोकांसाठी होता. हिंदी वंशाचा माणूस तिथे चार पिढ्या राहिला तरी ‘इंडियन’ किंवा फार तर ‘इंडो-फिजीयन’. नव्या हुकुमाने मूळ लोकांना ‘इ-तौकेई’ हे नाव दिलं आणि पुढे २०१३ च्या घटनेने सगळ्याच नागरिकांना ‘फिजीयन’ म्हटलं. हे करणारं सरकार लष्करी उठावातून आलेलं होतं, म्हणून त्याला निखळ पुण्य म्हणता येत नाही. मूळ लोकांपैकी अनेकांना ते आवडलंही नाही, आपलं नावच दुसऱ्याला देऊन टाकलं असं त्यांना वाटलं. पण नाव मिळालं.

आणि मग २०१६ चं रिओ. ऑलिम्पिकमध्ये सेव्हन्स पहिल्यांदा आलं. फेब्रुवारीत विन्स्टन चक्रीवादळाने फिजीत चव्वेचाळीस माणसं मारली होती, गावंच्या गावं आडवी केली होती. ११ ऑगस्टला ओसेआ कोलिनिसाऊच्या संघाने ब्रिटनला, म्हणजे जुन्या मालकालाच, ४३-७ असं धुतलं. फिजीला आजवर मिळालेलं हे पहिलं ऑलिम्पिक पदक, आणि तेही सुवर्ण. देशभर सुट्टी जाहीर झाली. रिझर्व्ह बँकेने सात डॉलरची नोट काढली. सात जणांच्या खेळासाठी सात डॉलर! चलनात असा आकडा आणणारा देश दुसरा आठवत नाही. संघाचा प्रशिक्षक बेन रायन हा तांबड्या केसांचा इंग्रज. त्याला सेरुआ भागातल्या सरदाराने फिजी नाव दिलं आणि तीन एकर जमीन दिली.

इथे जरा थांबावंसं वाटतं. तीन वर्षांत जिंकून दिलेल्या पाहुण्याला जमीन मिळाली, आणि शंभर वर्षं ऊस लावणाऱ्याला पट्टाच. कुणाला हा अन्याय वाटेल. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. जमीन देता येते, आपलं म्हणता येतं, वंश आड येत नाही, हे त्या समाजाने स्वतःच दाखवून दिलं. प्रश्न ‘देता येतं का’ हा नव्हताच. ‘कुणाला द्यावंसं वाटतं’ हा होता. आणि वाटण्यासाठी माणूस मैदानात आपल्या बाजूने उभा असलेला दिसावा लागतो.

टोकियोला फिजीने सुवर्ण राखलं, न्यूझीलंडविरुद्ध २७-१२. २०२४ साली पॅरिसला फ्रान्सकडून २८-७ ने हार आणि रौप्य. जेरी तुवाई हा गडी तिन्ही वेळा संघात होता. मधल्या काळात, डिसेंबर २०२२ मध्ये, तोच राबुका पुन्हा निवडून येऊन पंतप्रधान झाला. १४ मे २०२३ रोजी प्रार्थनासभेत त्याने १९८७ च्या उठावाबद्दल हिंदी समाजाची जाहीर माफी मागितली, आणि त्या वर्षापासून गिरमिट दिन ही सरकारी सुट्टी झाली. तोपर्यंत हिंदी लोकांचं प्रमाण खूप घटलं होतं. २००७ च्या खानेसुमारीतच ते ३७.५ टक्क्यांवर आलं होतं. माफी आली, पण ऐकायला अर्धी आळी घरात नव्हती.

आता पुन्हा सचिनला येऊ, सुरतेच्या. उधना, लिंबायत, डिंडोली, सचिन या पट्ट्यात आज लाखो मराठी माणसं राहतात. बहुतेक खानदेशातली, जळगाव-धुळे-नंदुरबारकडची. कापडाच्या कामाला गेली आणि तिथलीच झाली. सचिन ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात येतं, तिथून २००९ पासून निवडून येणारे सी. आर. पाटील हे जन्माने जळगाव जिल्ह्यातले. आधी आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज नवाब, आता खानदेशातून आलेला खासदार. राजकारण कुणाचं पटो न पटो, पण गुजरातच्या त्या तुकड्याने पाहुण्याला धनी होऊ दिलं, दोनदा.

आणि आपण? मी सरकारी कचेरीत कारकून आहे. माझ्या टेबलावरून जे कागद जातात त्यांत पंधरा वर्षांच्या रहिवासाचे दाखले असतात. गोव्यात सरकारी नोकरी हवी तर हा दाखला लागतो. तो लागू नये असं माझं म्हणणं नाही. लहान भूमीला आपली माणसं जपावी लागतात, नाहीतर ती भूमी नकाशावर उरते आणि भाषा-देवळं-शेतं जातात. तौकेईंची भीती खोटी नव्हती आणि आपलीही नाही. पण चौदा वर्षं अकरा महिने राहिलेला माणूस अर्ज घेऊन समोर बसतो, त्याची पोरगी मराठी शाळेत शिकते, माझ्याहून बरी कोंकणी बोलते, तेव्हा ‘भायले’ हा शब्द तोंडात जड होतो. नियम नियमाच्या जागी, मी तो पाळतोच. शिक्का कुठे मारायचा ते नियम सांगतो. पण आपलं कुणाला म्हणायचं हे कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नाही.

सेव्हन्समध्ये एक साधा नियम आहे, वर सांगितलाच. चेंडू पुढे फेकता येत नाही. पुढे जायचं असेल तर मागे असलेल्या माणसाकडे तो द्यावा लागतो, आणि मागे कोण आहे हे ओळखीचं असावं लागतं. सेरेव्ही न बघता चेंडू देत असे, कारण मागे कुणीतरी आहे याची त्याला खात्री असे. फिजीच्या राज्यकर्त्यांना हीच खात्री नव्हती, म्हणून १९८७ ला चेंडू हातातून सुटला आणि तो उचलायला छत्तीस वर्षं लागली. आपल्या हातात तो अजून आहे.